ढिला ठोका

"एक-दोन, एक-दोन! अरे तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला, तुझा डावा पाय घरी राहिला काय?" मास्तरांनी तोंडातली शिटी काढून दरडावलं आणि गळ्यातल्या ड्रमवर पुन्हा टिपऱ्या चालवल्या. पोरं सरळ झाली. मास्तरांच्या ठोक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. शाळेची घंटा मागेपुढे होईल, मुख्याध्यापक उशिरा येतील, पण मास्तरांचा ठोका जागच्या जागी पडायचा. तो पडला की दोनशे पोरांचे पाय एका दमात जमिनीला लागायचे, हा सगळ्या शाळेचा अनुभव होता.

तेवढ्यात गणिताचे सर रांगा मोडत मैदानाच्या मधोमध आले. कवायत चालू असताना असं कुणी कधी केलं नव्हतं. त्यांनी हातातला मोबाइल मास्तरांच्या नाकासमोर धरला.

"मास्तर, खरं सांगा, हे तुम्हीच ना?"

फोटो जुना होता. ओल आलेल्या भिंतीपुढे तीन केसाळ पोरं उभी होती. दोघं मधोमध ऐटीत, आणि तिसरा अगदी कडेला, अर्धा खांदा फोटोबाहेर. तो अर्ध्या खांद्याचा इसम म्हणजे मास्तर.

"कुठून मिळालं हे?"

"कुठून म्हणजे? माझी पोरगी वेडी आहे या बँडची! भिंतीवर पोस्टर लावलंय. आणि तुम्ही इथे आमच्यात बसून चहा पिता, आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" मास्तर म्हणाले. "सरका बाजूला. पोरं उन्हात उभी आहेत."

पण त्या दिवशी मास्तरांच्या उजव्या हातातली टिपरी एकदा निसटली. चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला सांगितलं.

आता ही भानगड मुळापासून सांगायला हवी. मास्तर मास्तर व्हायच्या आधी 'ओली काडेपेटी' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होते. हे असलं नाव ठेवायची अक्कल गायकाची. त्याचा आवाज मोठा म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तिसरा गिटारवाला. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन गिटारशी. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत तिघं तालीम करायचे. शाईच्या वासाने डोकं उठायचं. सगळं शहर तेव्हा नाचायच्या गाण्यांवर खूश होतं आणि हे तिघं अशी गाणी वाजवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी जड कपाट ओढत जिन्यावरून वर चढवतंय. एक कॅसेट काढली. एका पेपरात तिच्यावर छापून आलं: 'काडेपेटी ओलीच निघाली, आणि त्या ड्रमवाल्याला कुणीतरी उठवा.'

झालं! ते शेवटचं वाक्य मास्तरांना जे चिकटलं ते चिकटलंच. कार्यक्रमात मागून आरोळी यायची, "अरे उठवा रे त्याला!" एकदा तर चप्पल आली. ड्रमवर आपटून असा काही आवाज निघाला की लोक म्हणाले, हा ठोका बरा पडला.

कारण ठोका उशिरा पडायचा, यात वाद नाही. गाणं पुढे जायचं आणि मास्तरांचा हात जरा मागून, रेंगाळत खाली यायचा. बँडमध्ये त्यांचं नाव पडलं ढिल्या. एका संध्याकाळी छापखान्याच्या दारात भोंगा म्हणाला, "हे बघ, तोंडावर सांगतो. तुझ्यामुळे बुडतोय आपण. तू ढिला आहेस यार. दुसरा बघितलाय आम्ही." गिटारवाला चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होता. त्याचं दिवसाचं बोलणं बहुधा संपलं होतं.

दुसरा आला, कडक वाजवणारा. दुसरी कॅसेट निघाली आणि तीही दणक्यात आपटली. बँड फुटला. भोंगा जाहिरातींची गाणी करायला लागला. साबणाच्या एका जाहिरातीत 'फेस फेस फेस' असं ओरडणारा आवाज त्याचाच. गिटारवाल्याने वाद्यांचं दुकान टाकलं. कुणाला कुणाची आठवण येईनाशी झाली.

पण ढिला हा शब्द मास्तरांच्या काळजात घर करून बसला होता. त्यांनी टिकटिक करणारं लाकडी मेट्रोनोम आणलं, रबराची चकती आणली, आणि रोज पहाटे पलंगाच्या कडेवर बसून टिकटिकीबरोबर ठोके मारायला लागले. नवीन लग्न झालेलं. बायकोला पहिले काही दिवस वाटलं घरात उंदीर झालेत. तिने पिंजराही लावला होता. मग तिला कळलं की उंदीर आपल्या नवऱ्याच्या डोक्यात आहे. तिने पिंजरा काढून ठेवला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, पाय दुखायचे, सकाळची झोप हवी असायची, पण त्या टिकटिकीबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी मास्तर इतके सरळ झाले की टिकटिक बंद केली तरी फरक पडेना. शाळेत कवायतीची नोकरी मिळाली ती या सरळपणावरच.

आणि तिकडे काय झालं, तर कुठल्यातरी लांबच्या शहरात कॉलेजच्या पोरांना जुन्या सामानाच्या ढिगात ती पहिली कॅसेट सापडली. त्यांनी तिच्या नकला काढून वाटल्या. मग त्या पोरांचे बँड निघाले, आणि सगळ्यांचा ठोका रेंगाळत पडायचा! मग त्या बँडांच्या मुलाखती: 'आम्ही हे काडेपेटीकडून उचललं.' जो ठोका झोपाळू होता तो आधी निवांत झाला, मग गूढ झाला, मग म्हणे एका अख्ख्या पिढीची दमणूक त्या ठोक्यात उतरली. ज्या पेपरात 'उठवा' छापलं होतं त्याच पेपरात पानभर लेख आला. कॅसेट तीच बरं का! तिच्यातला एक सूरही इकडचा तिकडे झाला नव्हता. लोकांचे कान बदलले आणि कौतुक झालं कॅसेटचं. बरं, मास्तरांचं तरी झालं का? छे. लेखांमध्ये त्यांचा उल्लेख 'मूळ ड्रमवादक' एवढाच, आणि फोटोत अर्धा खांदा.

त्यात भोंग्याची मुलाखत आली. 'ठोका मागे ठेवायचा ही कल्पना माझी. मी ड्रमवाल्याला सांगायचो, झोपेत वाजव. त्याला तेव्हा समजत नव्हतं, पण तो ऐकायचा.'

मास्तरांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोनदा वाचलं आणि बायकोपुढे सरकवलं. तिने वाचलं.

"मेला खोटारडा," ती म्हणाली. "फोन करून झाडा की त्याला."

"जाऊ दे."

"सगळं जाऊ दे. तुमचं आयुष्यच 'जाऊ दे'च्या खात्यात जमा आहे."

मास्तर जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले.

आणि एवढं असूनही, एके दिवशी भोंग्याचाच फोन आला आणि मास्तर उठून उभे राहिले! खुर्चीतून उठून, फोनवर बोलायला. माणूस किती स्वस्तात विरघळतो ते बघावं.

"ढिल्या! ओळखलंस का? अरे काडेपेटी परत येतेय. एकच कार्यक्रम, मोठं सभागृह, तिकिटं पहिल्या दिवशी संपली. तू नसशील तर काडेपेटी कसली रे? बस, तू फक्त येऊन पूर्वीसारखं वाजव."

'तू नसशील तर' या शब्दांवर मास्तरांनी सगळं माफ करून टाकलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. मुख्याध्यापकांनी रजा स्वतःहून दिली. आणि रात्री मास्तरांनी मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या शहरात बँकेत होती. बापलेकीत भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. लहानपणी ती त्याच शाळेत होती आणि गळ्यात ड्रम अडकवून ओरडणारा माणूस आपला बाप आहे हे तिने शक्य तितकं लपवलं होतं. मास्तरांना ते ठाऊक होतं. ते मैदानावर तिच्या रांगेकडे बघायचं टाळायचे, तिला बरं वाटावं म्हणून. आता तीच फोनवर किंचाळत होती, "बाबा! अहो माझ्या ऑफिसातली सगळी पोरं तुमचे भक्त आहेत! त्या ठोक्याचे! मी येणार, पुढच्या रांगेत बसणार. तुम्हाला वाजवताना मी कधी नीट बघितलंच नाही."

फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ गॅलरीत उभे होते. त्यांना एवढंच हवं होतं. टाळ्या नकोत, लेख नकोत. त्या ड्रममागे आपण बसलोय आणि समोर आपली पोर आहे, बस.

मग तालमीला बसले, आणि घोटाळा लक्षात आला. उशिरा वाजवता येईना!

हात खाली यायचा तो बरोबर जागेवर. मास्तर मुद्दाम मागे ओढायचे, तर तोही मागे ओढलेला ठोका दर वेळी सारखाच मागे. वेळापत्रकाप्रमाणे उशीर करणाऱ्या बससारखा. त्यांनी जुनी कॅसेट लावली, कान देऊन आपलीच चूक ऐकली, तिच्याबरोबर वाजवून पाहिलं. दमून भागून आल्यावर वाजवून पाहिलं. डोळे मिटून वाजवून पाहिलं. आपलीच चूक आपल्याला शिकता येत नाही म्हणून बापडे घामाघूम झाले.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "सरळ व्हायला आयुष्य घातलंत. आता वाकडं व्हायला आठवडा पुरेल होय?"

"प्रत्यक्ष तिघं जमलो की येईल," मास्तर म्हणाले.

तालमीची जागा आता छापखान्यामागची खोली नव्हती. भिंतींना मऊ अस्तर होतं, एसी होता, पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडल्या होत्या. भोंग्याने केस काळे केले होते आणि गुडघ्याला पट्टा बांधला होता. गिटारवाल्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. कोपऱ्यात पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी मांडीवर टिपऱ्या घेऊन बसली होती. "ही आपली राखीव," भोंगा म्हणाला. "वय झालंय ना आपलं, कुणाची कंबर धरली तर!" मुलगी पटकन उठली आणि मास्तरांच्या पाया पडता पडता राहिली.

वाजवायला सुरुवात झाली. भोंग्याने अर्ध्या गाण्यात हात वर केला.

"थांब, थांब! हे काय चाललंय? लोकांना परेड करायला लावायचीय का?"

"परत घेऊ," मास्तर म्हणाले.

परत घेतलं. पुन्हा घेतलं. भोंगा म्हणाला, अंग सैल सोड. भोंगा म्हणाला, विचार करू नकोस. भोंगा म्हणाला, अरे पूर्वीसारखं ढिलं वाजव ना, तेवढंच तर येत होतं तुला! मास्तरांच्या कानशिलावर घाम आला. शेवटी भोंग्याने मुलीकडे बघून मान हलवली.

मास्तर उठले, ती बसली, आणि वाजवायला लागली.

मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. तोच ठोका. हुबेहूब. छापखान्यामागच्या खोलीतला, चपला खाल्लेला, काढून टाकलेला. या पोरीने तो कॅसेटवरून श्वासाश्वासासकट पाठ केला होता. आणि ऐकता ऐकता मास्तरांच्या एकदम ध्यानात आलं की तो तसा का पडायचा. इतकी वर्षं कुणीच विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "भोंग्या, त्या प्रत्येक जागेवर तू श्वास घ्यायचास."

"काय?"

"तुझा दम पुरायचा नाही. ओळ उशिरा यायची तुझी. ठोका वेळेवर मारला असता तर तू उघडा पडला असतास. म्हणून मी थांबायचो. तुझी वाट बघायचो रे." मास्तर भिंतीपासून पुढे आले. "ढिला मी नव्हतो. ढिला तू होतास."

गिटारवाला म्हणाला, "खरं आहे." त्याला हे केव्हापासून माहीत होतं, देव जाणे.

भोंग्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसला. "वा! काय सुंदर आहे हे! वाट बघायचास! हे कुणाला सांगितलं नाहीस ना अजून?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग आता थांब की," भोंगा खांद्यावर हात टाकत म्हणाला. "आता का नाही थांबत?"

"तू काढून टाकल्यावर थांबायचं सोडलं मी. मुळापासून खणून काढलं."

"हं." भोंग्याने घड्याळ बघितलं. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. कार्यक्रम ही वाजवेल. तू शेवटच्या गाण्याला ये. खंजिरी घे हातात. लोकांना तू दिसायला हवास."

तोंडावर 'मसणात जा' म्हणून निघून जायचं! पण मास्तरांना पुढच्या रांगेतली लेक दिसत होती. सुट्टी काढली होती तिने, ऑफिसातल्या दोघांना बरोबर आणणार होती. ते म्हणाले, "बरं."

बाहेर जिन्यात ती मुलगी मागून धावत आली. डोळे भरले होते तिचे. "सर, मी नाही म्हणते त्यांना. ते तुमचंच आहे. मी फक्त तुमचं वाजवते."

"तू कशाला नाही म्हणतेस?" मास्तर म्हणाले. "वाजव. माझं आता माझ्याकडे नाहीये. कुणाकडे तरी आहे, ठीक आहे." हे ते चांगल्या मनाने बोलले असं समजू नका. बोलताना त्यांचे दात घट्ट आवळलेले होते, आणि त्या पोरीलाही ते दिसलं.

घरी त्यांनी सांगितलं की तालीम छान झाली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मास्तर पडद्याच्या आड, वायरींच्या जंजाळात उभे होते. दिवे लागले, ड्रममागे ती मुलगी दिसली, आणि मास्तरांनी फटीतून लेकीकडे बघितलं. तिने ड्रमकडे बघितलं, मग आईकडे, मग दोन्ही बाजूंच्या ऑफिसातल्या पोरांकडे. आईने तिचा हात हातात घेतला. मास्तरांनी नंतर त्या फटीतून बघितलं नाही.

लोक वेडे झाले होते. ज्या ठोक्यावर चपला पडल्या त्याच ठोक्यावर हजार माणसं टाळी धरत होती, आणि तीही बरोब्बर उशिरा. शेवटच्या गाण्याआधी भोंग्याने माईक जवळ घेतला. आवाज खाली आणला.

"हा ठोका असा मागे का पडतो, सगळे विचारतात. आज सांगतो. तेव्हा मी माझ्या ड्रमवाल्याला म्हणालो होतो, मित्रा, माझ्यासाठी थांब. आणि तो थांबला. तो ठोका म्हणजे आमची मैत्री आहे."

सभागृहातून एक लांब हुंकार उठला. पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. "या रे," भोंगा ओरडला, "आमचा ढिल्या!"

मास्तर बाहेर आले. चालताना पाय कवायतीसारखेच पडत होते. त्याला आता इलाज नव्हता. हजार माणसं 'ढिल्या, ढिल्या' म्हणून ओरडत होती, प्रेमाने. लेकही उभी राहून टाळ्या वाजवत होती. गाणं सुरू झालं. मास्तरांनी खंजिरी उचलली आणि आजूबाजूला बघितलं. गिटारपुढे माईक होता, ड्रमला चहूबाजूंनी माईक होते, भोंग्याच्या तर तोंडातच होता. त्यांच्यापुढे काही नव्हतं. ते वाजवत राहिले, सरळ, जागच्या जागी.

दुसऱ्या कडव्यात भोंग्याचा दम संपला. पूर्वी संपायचा तसा नाही, पुरताच. ओळ यायची ती आलीच नाही. त्याने मान मागे वळवली. ड्रममागची मुलगी कॅसेटबरहुकूम वाजवत पुढे निघून गेली होती; तिने पाठ केलेला श्वास जुना होता, हा आजचा होता. भोंग्याने मास्तरांकडे बघितलं. भेदरलेला होता तो. ती नजर मास्तरांना छापखान्यापासून ओळखीची होती.

आणि मास्तरांचा हात हवेत थांबला.

त्यांनी थांबवला नव्हता. तो थांबला. भोंग्याने श्वास ओढला, शब्द ओठांवर आला, आणि तेव्हाच खंजिरी खाली आली, मागून, रेंगाळत. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. आठवडाभर ओढून ताणून न आलेली गोष्ट आपोआप आली होती. समोर सगळं सभागृह भोंग्याची राहिलेली ओळ स्वतःच गात होतं. खंजिरी कुणाला ऐकू आली नाही. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना संताप आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. हात थांबला तर थांबला, पण याच माणसासाठी?

पडद्यामागे बायको आणि लेक आल्या. "बाबा, छान दिसत होतात," लेक म्हणाली. ऑफिसातली पोरं भोंग्याबरोबर फोटो काढायला पुढे गेली होती. बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि त्यांच्या घामेजल्या मनगटाकडे बघत राहिली.

"तुम्ही व्हा पुढे," मास्तर म्हणाले. "हे सामान देऊन येतो."

सामानवाला खोकी भरत होता. त्याने खंजिरी उलटसुलट करून बघितली.

"काका, तुम्ही सगळं गाणंभर वाजवत होता की. हिला आवाजच दिला नव्हता आम्ही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"माहीत होतं."

"मग कशाला वाजवत बसलात?"

"गाणं चालू होतं," मास्तर म्हणाले.

सामानवाल्याने मान डोलावली, खंजिरी खोक्यात टाकली आणि दुसरी वायर गुंडाळायला घेतली.